गणूचं मोठं वाजप

गणूला गिरणीवाला म्हणा, पियानोवाला म्हणा, तो दोन्ही हाकांना ओ देतो. फक्त 'कलाकार' म्हणू नका. त्या शब्दानं त्याच्या कपाळाला आठी पडते आणि मग तो जे काही सुनावतो ते ऐकण्यासारखं असलं तरी छापण्यासारखं नसतं.

गिरणी म्हणजे भातगिरणी. मुरबाडवरून सिद्धगडाच्या अंगाला जो रस्ता जातो, त्याच्या एका वळणावर पत्र्याची शेड आहे. आत डिझेलचं इंजिन, भात भरडायचं यंत्र आणि मागे तुसाचा ढीग. दिवाळीनंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि पावसाळ्यात कुत्रं फिरकत नाही. लग्नसराई लागली की गणू गिरणी बायकोवर, म्हणजे अनितावर, सोपवून बेंजो पार्टीत वाजवायला जातो. आमच्या भागात बेंजो पार्टी आली नाही तर हळद लागली असं कोणी मानत नाही. तारांचं आणि बटणांचं बेंजो पुढे, बाजूला ढोल, ताशा, संबळ, आणि टेबलावर कॅसिओ. त्या कॅसिओला सगळे पियानो म्हणतात. खरा पियानो कसा असतो हे पंचक्रोशीत एकट्या गणूनं बघितलंय. बघितलंय काय, खांद्यावर वाहिलाय!

ती गोष्ट एक्याण्णव सालची. गणूचा मामा उंबरमाळीच्या बाजूला राहायचा. भाताची झोडणी उरकली म्हणून गणू त्याच्याकडे चार दिवस आरामाला गेला आणि मामानं त्याला पहिल्याच दिवशी कामाला जुंपला. मामा लोक असेच असतात. वर जंगलात, टेकाडावर, एका पारशिणीचा जुना बंगला होता. म्हातारी एकटी, गुडघे गेलेले, मुलानं मुंबईला बोलावून घेतलेली. बंगल्यापर्यंत गाडी चढत नसल्यामुळे सगळं सामान माणसांनी खाली डांबरी रस्त्यावर टेम्पोपर्यंत पोचवायचं होतं. भांडी गेली, कपाटं गेली, पलंग गेला. उरला पियानो. काळा कुळकुळीत, म्हशीएवढा, आणि म्हशीसारखाच जागचा न हलणारा.

त्या बाजूच्या लोकांना आजारी माणूस डोलीत घालून डोंगर उतरवायची सवय. तसाच पियानोही उतरवायचं ठरलं. खालून दोन जाडे बांबू घातले, काथ्याचे वेढे दिले, माणसं दोन्ही अंगाला उभी राहिली. तेवढ्यात म्हातारी काठी टेकत आली आणि म्हणाली, "थांबा जरा. एक वेळा वाजवते."

तिनं आधी टेप लावला. त्यातून एकदम शंभरेक वाद्यं उसळली, एखाद्या जत्रेतली सगळी वाजंत्री मंडळी एका मुठीत आल्यासारखी. मग ती वाद्यं गप्प झाली आणि म्हातारी एकटी वाजवू लागली. तिचं म्हणणं संपलं की टेपमधली मंडळी तिला उत्तर द्यायची. कधी ती विचारी, कधी ते विचारीत. कधी दोघांचं भांडण लागे, कधी समेट होई. मामा आणि बाकीचे बांबूला टेकून तंबाखू मळत होते. गणूच्या हातातली तंबाखू तशीच राहिली.

त्या वेळी तो गावच्या भजनात पेटी वाजवायचा, तेवढंच त्याचं संगीत. त्यानं धीर करून विचारलं, "मेमसाब, हे सगळे एका सुपारीवर येतात?"

बँडला दिलेल्या आवतणाला आपल्याकडे सुपारी म्हणतात, हे त्या बाईला कुठून ठाऊक असणार? पण प्रश्नामागचं तोंड तिनं बघितलं आणि खूश झाली. "याला कॉन्चेर्टो बोलते, डिकरा. एक जण बोलते, आखा गाव त्याला जवाब देते. तीन तुकडे असते. पयला जोरात, बीचवाला हळू, छेल्ला परत जोरात. समजला?"

समजला तर! पियानो डोंगरावरून खाली येताना प्रत्येक धक्क्याला त्याच्या पोटातल्या तारा घुमायच्या, आणि तो घुमारा बांबूतून गणूच्या खांद्यात उतरायचा. मामा ओरडत होता, "अरे पाय बघ, पाय!" आणि गणू मनात म्हणत होता, एक जण बोलणार आणि आख्खा गाव उत्तर देणार. मग हे आपल्या गावात का नको? टेम्पो निघाला तेव्हा डोलीतून उतरवून पुढच्या सीटवर बसवलेल्या म्हातारीला त्यानं हात जोडले. तिला वाटलं, मजुरीबद्दल जोडले.

पुढे कल्याणला जाऊन त्यानं एक जुना कॅसिओ घेतला आणि आदेशच्या बेंजो पार्टीत शिरला. आदेश म्हणजे पार्टीचा मालक, स्वतः बेंजो वाजवणारा, हुशार आणि व्यवहारी माणूस. लोकांना काय नाचवतं हे त्याला पायाच्या अंगठ्यातून कळायचं. गणूनं त्याला आपला बेत सांगितला तेव्हा तो म्हणाला, "करू रे, करू. आधी कोळीगीतं बसव."

कोळीगीतं बसली. आणि बाकीचा वेळ गणू आपलं मोठं वाजप रचत बसला. कॉन्चेर्टो हा शब्द त्यानं गावात एकदा काढून बघितला होता. लोक असे काही हसले की पुन्हा काढला नाही. 'मोठं वाजप' म्हटलं की कोणाला हसू येत नव्हतं, म्हणून तेच नाव राहिलं.

रचलं कसं, ते ऐकण्यासारखं आहे. पावसाळ्यात गिरणीवर कोणाचं पायलीभर, कोणाचं गोणीभर भात येतंच. गणूचे दोन्ही हात भातात आणि कोंड्यात, आणि सूर नेमके तेव्हाच सुचायचे. मग कोंड्याच्या गोणीवर कॅसिओ ठेवलेला, त्याच्यासमोर शाळेतून आलेली त्याची लेक भूमिका बसलेली, आणि इंजिनाच्या धडधडीवरून बापाचा आरडाओरडा: "वरची पट्टी! अगो वरची! आता दोन सोडून खाली! हां, तीच, तीच! परत!" तो तोंडानं म्हणायचा, ती बोटांनी वाजवून दाखवायची. चुकली की तो चिडायचा, आणि कधी कधी तिची चूकच बरी निघायची, मग तो गुपचूप तीच ठेवायचा. पोर मोठी झाली, फ्रॉकचा पंजाबी ड्रेस झाला, तरी ही बैठक मोडली नाही. गणूला सूर लिहिता येत नव्हते आणि पार्टीतल्या बाकीच्यांना वाचता येत नव्हते. म्हणून सगळं वाजप माणसांच्यात ठेवलेलं होतं. ताशाचं ताशेवाल्यापाशी, संबळाचं संबळवाल्यापाशी, ज्याचं त्याच्यापाशी.

तीन तुकडे ठरले. पहिला राब. पेरणीआधी शेतात पाला-शेणी पसरून जाळतात तो राब, एकदम भडका उडणारा. दुसरा आवणी, भाताची लावणी. तिसरा झोडणी, सगळ्यांनी मिळून पेंढ्या आपटायच्या. राब झटक्यात झाला. झोडणीही झाली. आवणी काही केल्या होईना. गणू त्यात सूर ओतत होता, आणि जितके ओतावे तितकं ते फसत होतं.

ते सोडवलं म्हादूनं. म्हादू गावाच्या टोकाला कातकरवाडीत राहायचा. गणूपेक्षा वयानं मोठा, अंगानं काटकुळा, पण ढोल गळ्यात घातला की वेगळाच दिसायचा. एका पावसाळी दुपारी तो गिरणीच्या पत्र्याखाली उभा राहून हे सगळं ऐकत होता. बराच वेळ ऐकून म्हणाला, "गणूशेट, रागवू नका. आवणीला कवा गेलाव काय तुमी?"

"आमचीच शेती हाय रे म्हादूदा. नाय कशाला जाणार?"

"मग पाय चिकलातनं निघायला केवडा टाइम लागतो? तेवडा तर थांबा. धावताव कशाला?"

त्यानं ढोलावरची काठी बाजूला ठेवली आणि नुसत्या बोटांनी वाजवलं. एक ठोका, मग थांबणं, मग दुसरा. गणूनं निम्मे सूर काढून टाकले. पियानो एक ओळ म्हणायचा आणि ढोल सावकाश, पाय चिखलातून काढल्यासारखं, उत्तर द्यायचा. त्या दिवशी आवणी उभी राहिली. म्हादू उत्तर दरवेळी थोडं बदलायचा, पण ते दरवेळी बरोबर असायचं, आणि दुसऱ्या कोणाला ते जमायचं नाही. वाजवताना म्हादू त्याला 'गणू' म्हणायचा. ढोल उतरवला की पुन्हा 'गणूशेट'. गणूनं पुष्कळदा सांगितलं, पण ते काही सुटलं नाही.

इथेच खरी गोम होती. दिवाळी झाली की म्हादूची वाडी वीटभट्टीवर जायची. मुकादमाचा ट्रक यायचा, भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं, सगळी चढायची, ती पावसाच्या तोंडावर परत. म्हणजे लग्नसराईत सगळी पार्टी हजर, पण म्हादू नाही. पावसाळ्यात म्हादू हजर, पण हळदी नाहीत. उन्हाळ्यात ढोल धरायला आदेशचा मेव्हणा यायचा. पोरगा चांगला, नाचणाऱ्यांना दमवणारा, पण आवणीत त्याला थांबता म्हणून यायचं नाही.

गणूनं प्रयत्न केले नाहीत असं नाही. एकदा शहापूरच्या एका हळदीत आदेशला गळ घालून वाजप सुरू केलं. राब संपता संपता मांडवातून ओरड आली, "ओ पियानो, झोप लागली काय? नाचायचं वाजवा!" आणि आदेशनं असं काही सफाईदार वळण घेतलं की गणूला कळायच्या आत कोळीगीत चालू झालेलं होतं. मग गणपतीत करून बघितलं, कारण तेव्हा म्हादू असायचा. पण विसर्जनाची मिरवणूक म्हणजे चालतं काम, पियानो हातगाडीवर, मागून लोकांचा रेटा. त्यातून आवणी लागली की पुढच्या मंडळींना वाटायचं वाजंत्री दमले. ती बिचारी चहा घेऊन यायची. म्हणजे तुकडे सगळे वाजले होते, कुठे ना कुठे वाजले होते, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळ्या माणसांनिशी, एकदाही नाही. गणूचे केस पांढरे व्हायला लागले.

"एकदा," तो अनिताला म्हणायचा, "फक्त एकदा ते सलग माझ्या कानावर पडू दे. मग देवाकडं काय मागणं नाय."

"माझ्या कानावर रोज पडतंय," अनिता म्हणायची. "मीच मागते देवाकडं."

पण तिनंच दर उन्हाळ्यात गिरणी सांभाळली होती. तुसानं माखून, पट्टा घसरला तर स्वतः चढवून, गिऱ्हाइकाशी वाद घालून. कॅसिओवर झाकायला जुन्या साडीचं फडकंही तिनंच शिवलं होतं. गणू हे जाणून होता. बोलायचा नाही, पण जाणून होता.

दोन हजार आठ साली भूमिकाचं लग्न जमलं. मुलगा शहापूरकडचा, माणसं साधी. त्यांचं म्हणणं, बार मे महिन्यात उडवू, सगळ्यांना सुट्या असतात. गणू म्हणाला, नाही, तुळशीचं लग्न लागलं की पहिला मुहूर्त धरायचा. व्याही चक्रावले. अनिता तर भडकलीच. "गिरणीचा सीझन तोंडावर आणि तुमाला लगीन सुचतंय? भात घेऊन लोकं दारात उभी राहतील ती काय तुमच्या पियानोवर भरडायची?" गणू ऐकेना. त्याच्या मनातलं गणित अगदी सरळ होतं. हळद आपल्या दारात, म्हणजे 'नाचायचं वाजवा' म्हणणाऱ्याला दटावायचा हक्क आपला. लग्नसराई सुरू व्हायची असल्यामुळे पार्टी मोकळी. आणि म्हादू निघायच्या बेतात, म्हणजे अजून गावात.

ट्रक मात्र चार दिवस आधी आला. गणू धावत कातकरवाडीत गेला तेव्हा म्हादूची बायको यमू भांडी चढवत होती आणि म्हादू ढोल घेऊन ओट्यावर बसलेला होता.

"तू नाय चाललास?"

"यमू जातेय पोरांना घेऊन. मी हळद झाली का येतो, सांगितलंय मुकादमाला. बोंबलला. बोंबलू दे." म्हादूनं ढोलाची दोरी ताणली. "माझा पण जीव अडकलाय त्याच्यात, गणूशेट. आवणी माझी पण हाय ना?"

"तुझीच हाय," गणू म्हणाला. मग तो यमूबरोबर भांडी चढवू लागला.

हळदीच्या दिवशी सगळं जमून आलं. दारात मांडव, उंबराची डहाळी, लाऊडस्पीकर. आदेश, ताशेवाला, संबळवाला, म्हादू, सगळे वेळेवर हजर. टेबलावर पियानो, त्यावर अनिताच्या साडीचं फडकं. गणूनं पाव्हण्यांना आधीच बजावून ठेवलं होतं, "पयलं वाजप पुरं होईपर्यंत जो नाचायचं मागील त्याला जेवण नाय." देवक बसलं. धवळारीण जनाबाई आली. धवळारीण म्हणजे लग्नात धवळे गाऊन सगळे विधी पार पाडणारी बाई, तिच्या शब्दापुढे भटजीचंही चालत नाही. तिनं धवळे म्हटले, भूमिकाला हळद लावली, मग रीतीप्रमाणे पाटावर बसलेल्या गणूला आणि अनितालाही लावली. गणू नव्या टोपीत आणि उपरण्यात पिवळाधमक दिसत होता आणि पाटावर बसल्या बसल्या मांडीवर बोटं नाचवत होता.

आता नारळ. कार्याच्या घरी वाजंत्री आले की यजमानानं प्रत्येक वाद्याच्या माणसाच्या हातात नारळ आणि विडा द्यायचा. त्यानं तो कपाळाला लावायचा आणि मगच वाद्याला हात घालायचा, ही आमच्याकडची रीत. नारळ घेतल्याशिवाय कोणी वाजवत नाही, आणि वाजवलं तर ते अशुभ. गणूनं पहिला नारळ आदेशला दिला. मग ताशेवाल्याला, संबळवाल्याला, म्हादूला. ताटात एक राहिला. गणूनं तो उचलला, आपल्याच कपाळाला लावला आणि तरातरा पियानोकडे निघाला.

"ए गणू," जनाबाई म्हणाली. "कुठं चाललास?"

"वाजवायला."

"नारळ दिला कोणी?"

"मी."

"आणि घेतला कोणी?"

गणूनं हातातल्या नारळाकडे बघितलं. मांडवात आधी खसखस पिकली, मग हसण्याचा असा लोट उठला की ताशेवाल्यानं ताशावर डोकं टेकलं. इतकी वर्षं शेकडो हळदींत उभा राहिलेला माणूस, रीत त्याला पाठ. पण दरवेळी तो घेणाऱ्यांच्या रांगेत होता. मुहूर्त बघितला, पार्टी बघितली, म्हादूला थांबवून धरला, आणि त्या दिवशी आपण नवरीचे बाप असणार आहोत, एवढीच एक गोष्ट भल्या माणसाच्या डोक्यात आली नव्हती!

"देणारा तूच, घेणारा पण तूच, असं कधी असतंय काय रे?" जनाबाई म्हणाली. "बस पाटावर."

"बाई, आजच्या दिवस..."

"पोरीच्या हळदीत अशुभ करू काय मी?"

गणू पाटावर येऊन बसला. हसणं हळूहळू ओसरलं, कारण त्याचं तोंड लोकांना दिसलं. आदेश जवळ येऊन हळूच म्हणाला, "पियानोबिगर वाजवू का रे? मी बेंजोवर सांभाळतो." गणूनं मान हलवली. नको. म्हादूनं ढोल गळ्यातून उतरवला आणि खाली ठेवला. अनितानं त्याच्या खांद्यावरचं उपरणं सरळ केलं, आणि गणू रडायच्या बेतात आला.

मग म्हादूच म्हणाला, "भूमिकाला येतंय की."

सगळ्यांनी नवरीकडे बघितलं. ती पाटावर बसली होती, हातापायाला, तोंडाला हळद, डोक्याला मुंडावळ्या. तिनं खाली बघितलं, मग बापाकडे बघितलं आणि म्हणाली, "येतंय. सगळं येतंय."

गणूला एकदम गिरणी दिसली, कोंड्याची गोणी दिसली. अरे देवा, खरंच की! या वाजपातला एकेक सूर आधी हिच्या बोटातून निघाला, मग आपल्या. पार्टीत पोरी वाजवत नाहीत, म्हणून आपल्या मनातही कधी आलं नाही!

कोणीतरी म्हातारा कुरकुरला, "पण ती तर घरचीच. घरच्या माणसाला घरचा नारळ कसा चालंल?"

जनाबाईनं त्याच्याकडे न बघता विचारलं, "हळद लागली का नाय हिला?"

"लागली."

"मग घरची कशी? हळद लागली तवाच ती दुसऱ्या घरची झाली. गणू, दे तिला नारळ. चालतंय."

गणूच्या हातात नारळ होता. इतकी वर्षं ज्यासाठी जीव टांगलेला होता ते समोर होतं, हात पुढे केला की झालं. आणि हात पुढे करायचा म्हणजे सगळ्यांदेखत मान्य करायचं, ही पोर आता या घरची नाही. परक्याला देतात तसा नारळ द्यायचा, पोटच्या पोरीला. लग्न उद्या होतं. लग्न लागेपर्यंत तरी ती आपली आहे असं तो धरून चालला होता. त्यानं अनिताकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं मान हलवली, द्या.

गणू उठला. भूमिकाही उठली. त्यानं नारळ-विडा तिच्या ओंजळीत ठेवला. बाप म्हणून ती त्याच्या पाया पडेल असं त्याला वाटलं होतं. तिनं तसं केलं नाही. वाजंत्री घेतात तसा तिनं नारळ दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि सरळ पियानोच्या मागे जाऊन उभी राहिली. म्हादूनं ढोल उचलला.

राब पेटला. गणू पाटावर ताठ बसून ऐकत होता. पहिल्या दोन-चार ओळींतच त्याला कळलं की आपण इतकी वर्षं इथे घाई करत होतो. ती करत नव्हती. ताशा कुठून येतो, संबळ त्याला कसा धरतो, आदेशचं बेंजो मागून कसं सरकत येतं, हे त्याला कधी ऐकूच आलं नव्हतं, कारण वाजवणाऱ्याला आपलं तेवढं ऐकू येतं. व्याह्यांकडची माणसं अवाक होऊन नवरीकडे बघत होती. आणि आवणी लागली तेव्हा भूमिकानं एक ओळ म्हटली आणि ती थांबली. किती थांबली! म्हादूनं बोटांनी उत्तर दिलं. तिनं पुढची ओळ म्हटली. ज्या शेतात इतके पावसाळे गेले, त्यात गेलेला आजा, गेलेली आई, सगळी वाकून पुन्हा आवणीला उभी आहेत असं गणूला वाटलं. पियानोच्या पट्ट्या हळदीनं पिवळ्या होत होत्या. कोणी चहा आणला नाही. झोडणी सुरू झाली आणि सगळे मिळून अशा काही पेंढ्या आपटायला लागले की मांडवाचे खांब हलले. शेवटचा ठोका म्हादूचा, आणि तो पडला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते संपलं हेच कोणाला कळलं नाही. मग जेवणाच्या धमकीनं इतका वेळ तोंड मिटून बसलेला एक पाव्हणा मागून ओरडला, "आता तरी नाचायचं लावा की!" आणि सगळा मांडव हसत सुटला. आदेशनं बेंजोवर बोटं फिरवली, कोळीगीत लागलं, पोरंटोरं नाचायला धावली.

गणू त्या गर्दीतून पुढे गेला. त्यानं आदेशला हात जोडले, ताशेवाल्याला, संबळवाल्याला जोडले. म्हादूला हात जोडले तेव्हा म्हादू संकोचला आणि म्हणाला, "काय हे गणू." गळ्यात ढोल तसाच होता. मग गणू भूमिकासमोर आला आणि तिलाही हात जोडले.

"उपकार झाले गो पोरी," तो म्हणाला.

"असं काय करताव बाबा," ती म्हणाली, आणि आता मात्र तिचा बांध फुटला. रडता रडताच तिनं विचारलं, "ऐकलंव ना? सगळं?"

"सगळं ऐकलं," गणू म्हणाला. डोळे पुसायला हात वर नेला तर हाताला हळद. म्हणून त्यानं ते तसेच वाहू दिले.